बरडावरचे बैल

तांडा, आर्णीजवळ
ता. १८ नोव्हेंबर १९५६

चि. सौ. जमनीस,

भियाचे, तुझ्या थोरल्या भावाचे, पोटभर आशीर्वाद. घरच्या थोरांना रामरामी. आणि हे पत्र तुला वाचून दाखवणारे तुझे दीर नेमसिंग, त्यांना वेगळी रामरामी, कारण माझी सगळी भिस्त त्यांच्या तोंडावर आहे. नेमसिंग, मागच्या पत्रातली तुमच्या मिशांवरची ओळ तुम्ही गाळलीत असं कानावर आलं. लिहिलंय ते सगळं वाचायचं. अंगणात कोण बसलंय ते बघून वाचायचं नाही.

इकडे सगळे ठीक. कापसाची वेचणी चालू आहे. बोंडांनी तुझ्या वहिनीची, गंगीची, बोटं सोलली आहेत आणि त्याचा राग ती माझ्यावर काढते. या महिन्यापासून आपण मुंबई राज्यात गेलो असं नाईकानं तांड्याला सांगितलं. मी बाहेर येऊन पाहिलं, डोंगर होता तिथंच होता. आपल्या आजाच्या काळी बैलांच्या पाठीवर मीठ लादून आपली माणसं राज्यंच्या राज्यं ओलांडायची. आता आपण बसलो आणि राज्यं चालायला लागली.

तुझे गुडघे धरतात असं कळलं. एरंडाचं पान गरम करून बांध आणि पाणी भरायला सुनांना पाठव. तुला काम सोडवत नाही हे मला माहीत आहे, म्हणून दोनदा लिहितो. सुनांना पाठव.

आता माझ्या बैलांची खबर. तांड्यामागच्या माझ्या बरडावर काही पिकत नाही, हे तुला आठवत असेल. तिथं यंदा अकरावा बैल उभा राहिला. एकाला मोराचा पिसारा आहे. एकाला माशाचे पर आहेत, तो पैनगंगा पोहून आलेला. एकाला दोन तोंडं, एक आलो त्या वाटेकडे आणि एक जायचं त्या वाटेकडे. एकाचं पोट कणगीएवढं केलं आणि बाजूला भोक ठेवलं, तर त्यात पिंगळ्यांच्या जोडीनं संसार मांडला. नाल्यातला दगड रचतो आणि वरून चुना लिंपतो. चुन्यात बेलफळाचा गर आणि गुळाचं पाणी. कापसाच्या जिनाच्या भिंती बांधताना हे शिकलो. अंगावर फुटक्या बांगड्या, कवड्या, आरशाचे तुकडे. तांड्यातल्या बायांची काही फुटलं की पहिली हाक मलाच.

गंगी म्हणते, "ह्या बैलायले चारा लागत नाही हे एक बरं हाय. नाहीतर माह्या तोंडचा घासही तुमी त्यायलेच चारला असता." पण दिवाळीला आपली जुनी बैलजोडी ओवाळून झाल्यावर ताट घेऊन गुपचूप बरडावर गेली आणि अकराही बैलांना ओवाळून आली. मी पाहिलं नाही असं दाखवलं.

माझा शाळेतला सोबती मारोती पाटील पाहुण्यांना घेऊन बैल दाखवायला येतो. परवा म्हणाला, "खेमसिंग, बैलायले पंख काहून लावते बे तू? औताला जुंपले तर वावरासकट उडून जातीन." सगळे हसले. मीही हसलो.

तू विचारलंस, भिया, सगळे बैलच कायले? एखादा देव कर, माणूस कर. सांगेन कधीतरी. पत्रात मावण्यासारखं नाही, आणि तुझी पत्रं सारं अंगण ऐकतं.

होळीला ये. तीस वर्षं झाली. दरवेळी तुझं एकच उत्तर येतं, जिथून रडून निघाले नाही तिथं परत कशी येऊ. चुना कालवून ठेवला आहे, तो वाळायच्या आत उठायला हवं. म्हणून इथंच थांबतो.

तुझा भिया,
खेमसिंग


तांडा, आर्णीजवळ
ता. २६ मे १९६३

चि. सौ. जमनीस,

आशीर्वाद. सर्वांना रामरामी. ऊन फार आहे. विहीर तळाला गेली आहे. माझ्या उजव्या डोळ्यात चुना उडाला होता त्याचं फार काही वाटून घेऊ नकोस. डाव्यानं दिसतं.

नेमसिंग, इथं थांबा. हे पत्र एकट्या जमनीला वाचून दाखवू नका. शेजारच्या बायांना बोलवा. तुमच्या आईला, याडीला, ऐकायला कमी येतं असं कळलं, तर तिला जवळ बसवून कानाशी वाचा. सगळे जमले की पुढची ओळ घ्या. मी थांबतो.

जमने, आपली चुलत बहीण सुखीबाई तुझ्या नातीच्या लग्नाहून परवा परत आली. मला म्हणाली, लग्न झकास झालं, जेवण झकास झालं. मग हळूच म्हणाली, नात निघायच्या वेळी बैलावर चढली, बाया तिला धरायला पुढं झाल्या, तेव्हा जमनीही गेली. तर कुणीतरी म्हणालं, "तू मांगं राह्य. जिचा बैल पळाला तिचा हात नको." आणि जमनी हसली आणि चुलीकडे निघून गेली.

त्या दिवसापासून मला जेवण जात नाही. तू रडली असतीस तर बरं वाटलं असतं. तू हसलीस, म्हणजे हे तू पहिल्यांदा ऐकलेलं नाहीस.

आपल्यात सासरी निघताना नवरी सजवलेल्या बैलाच्या पाठीवर उभी राहते, तांड्याकडे तोंड करते आणि दोन्ही हात वर करून रडत गाते. प्रत्येकाचं नाव घेते, विहिरीचं घेते, झाडाचं घेते. घरच्याच बैलावर, आणि दोर भाऊ धरतो. हे तुला सांगायला नको. पण मी काय मोडलं ते मला एकदा माझ्या हातानं लिहायचं आहे.

तुझ्या लग्नाच्या दिवशी आपला कवड्या बैल पळाला नव्हता. मी नेला होता.

नेमसिंग, ही ओळ पुन्हा वाचा.

मी तेव्हा अठराचा. नुकती सातवी पास झालो होतो. तांड्यातून पहिलाच. मास्तर व्हायचं डोक्यात होतं. लग्नाला माझे मास्तर आणि मारोती येणार होते. शाळेतली पोरं एकदा म्हणाली होती, तुमच्यात नवऱ्या बैलावर चढून बोंबलतात म्हणे. ते माझ्या डोक्यात बसलं होतं. मास्तरांसमोर माझी बहीण बैलावर उभी राहून आकांत करणार आणि मी दोर धरून खाली मान घालून उभा, हे मला सोसवेना. मला वाटलं, बैलच नसला तर तू दमणीत, छपराच्या बैलगाडीत, बसून चार लोकांच्या मुलींसारखी नीट जाशील.

म्हणून पहाटे कवड्याला सोडला आणि डोंगरामागच्या दऱ्यात मोहाच्या झाडाला बांधून आलो. वासरू असताना तू त्याला तुझ्या हातची भाकर चारायचीस. तो माझ्यामागं मुकाट आला. सगळ्यांनी शोधाशोध केली तेव्हा मी मुद्दाम नदीकडे हाका मारत गेलो. नाईक म्हणाला, दुसरा बैल आणू. तुझी सासू म्हणाली, पळून गेलेल्या बैलाचा सगुन वाईट, आता दुसरा नको, वेळ चालली. तू दमणीत बसलीस. माझ्याकडे पाहिलंस. तुझे डोळे कोरडे होते.

वरात गेल्यावर मास्तर मला काय म्हणाले ठाऊक आहे? "खेमसिंग, तुमच्यात नवरी बैलावर उभी राहून गाते असं ऐकलं होतं. ते पाहायलाच मुद्दाम आलो होतो. आज का नाही झालं?"

संध्याकाळी दऱ्यात गेलो तर मोहाला तुटका दोर. आठ दिवस फिरलो. कवड्या सापडला नाही. सापडला असता तर कदाचित बोललोही असतो. सापडला नाही, मग काय सांगणार, आणि आज सांगू उद्या सांगू करत सदतीस वर्षं गेली. तिकडे तू पळालेल्या बैलाची अपशकुनी झालीस, हे मला माहीत नव्हतं असंही नाही. अर्धं माहीत होतं. उरलेलं मी विचारलं नाही.

मास्तर झालो नाही. शाळेच्या दारात गेलं की तो मोह दिसायचा. गवंडी झालो.

तू विचारलं होतंस, सगळे बैलच कायले. जमने, मी दरवेळी कवड्याच करायला बसतो. तसाच शांत, उभा, कपाळावर कवडीएवढा पांढरा ठिपका असलेला. आणि दरवेळी तोंडापर्यंत आलो की थापी खाली ठेवतो. वाटतं, आता लोक ओळखतील. मग त्याला पंख लावतो, पिसारा लावतो, दुसरं तोंड लावतो. चोवीस बैल झाले. लोक म्हणतात खेमसिंगच्या डोक्यात काय काय येतं. माझ्या डोक्यात एकच येतं.

तर ज्या बाया ऐकत आहेत त्यांनी ऐका. जमनीच्या पायगुणात काही वाईट नाही. तिचा बैल तिला सोडून गेला नाही, तिच्या भावानं तो चोरला. ज्याला कुणाला मागं राहायला सांगायचं असेल, त्यानं मला सांगावं.

आपली याडी मरताना विचारत होती, पोरगी का येत नाही. मी तिलाही सांगितलं नाही. माफ कर असं लिहायला हात होत नाही. फक्त हे खरं आहे एवढं लिहितो.

तुझ्या बैलाचा चोर,
खेमसिंग


तांडा, आर्णीजवळ
ता. २ फेब्रुवारी १९६४

चि. सौ. जमनीस,

आशीर्वाद, आशीर्वाद, आशीर्वाद. नेमसिंग, तिन्ही वाचा. तुमच्या मिशांनाही रामरामी.

आठ महिने तुझं उत्तर नव्हतं. पोस्टमन तांड्याकडे वळला की मी बैलांमागं जाऊन काहीतरी लिंपत बसायचो. गंगीला सारं सांगितलं तेव्हा तिनं दोन दिवस मला ताट वाढलं नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "मले सांगतलं असतं तं मी कवाच पत्र लिहवून घेतलं असतं. तुमाले दगडापरीस माणूस जड वाटते." मग ताट वाढलं.

संक्रांतीला तुझं पत्र आलं. मारोतीला वाचायला लावलं, मला वाचवेना. तुझ्या सासूनं पत्र कानाशी ऐकलं आणि दिवसभर उठली नाही, हे वाचलं. पुढच्या लग्नात तिनं तुझा हात धरून तुलाच पहिली बैलाजवळ नेली आणि म्हणाली, "हिनं धरल्याबिगर नवरी चढनार नाही," हे मारोतीनं दोनदा वाचलं. त्याला आजवर माहीत नव्हतं की त्याला लाजून मी हे केलं. म्हणाला, "बैताडा, मी तं जेवायले आलतो."

आणि पुढं तू लिहिलंस, आठ महिने रागावले, आता कंटाळा आला. होळीला यावंसं वाटतं, पण भिया, बैलावर चढू कशी, गुडघे कुठं राहिले?

जमने, त्या ओळीवर मी अंगणात बसून लहान पोरासारखा रडलो. आणि उठून लगेच नाल्यावर गेलो, दगड आणायला.

माझे सगळे बैल उभे आहेत. हा बसवला आहे. लदणीचा बैल ओझं उतरलं की बसायचा, तसा पुढचे पाय दुमडून. पाठ रुंद आणि सपाट केली आहे. शेपटीकडून दोन ठेंगण्या पायऱ्या आहेत, आंघोळीच्या दगडाएवढ्या. गंगीला चढवून पाहिलं. ती म्हणाली, अजून बोटभर खाली. बोटभर खाली केली. वर धरायला शिंगं लांब ठेवली. तोंड तांड्याकडे आहे. विहीर तिथून दिसते. मोहाचं झाड डोंगरामागं आहे, ते दिसत नाही, ते एक बरं.

पंख नाहीत, पिसारा नाही. तोंड एका डोळ्यानं नीट जमेना, मग डोळे मिटून हातानं चाचपत केलं. सुखीबाई पाहायला आली. तिनं कवड्याला लहानपणी पाहिलेलं. ती जवळ गेली, कपाळावर हात ठेवला आणि म्हणाली, "माय वं, हा तं आपला कवड्या हाय."

चुना वाळायला वीस-पंचवीस दिवस लागतात. होळीपर्यंत पक्का होईल. आर्णीला मोटारीपाशी मी दमणी घेऊन येतो. घरी आलीस की आधी जेव. मग बरडावर जाऊ. तू चढ, आणि अडतीस वर्षांत जे राहिलं आहे ते सगळं म्हण. याडीचं नाव घे. घाई करू नकोस. तांड्याला सांगून ठेवलं आहे, मारोतीला बायको-पोरांसकट बोलावलं आहे, पुढं बसायला. मास्तर असते तर त्यांनाही आणलं असतं.

रडून झालं की लगेच निघायचं नाही. होळीचे आठ दिवस राहायचं, नाचायचं, आणि पुढच्या होळीला पुन्हा यायचं.

मी नवा दोर वळला आहे, गोंडे लावून. गंगी हसते, म्हणते दगडाचा बैल कुठं पळून चालला, त्याले दोर कायले. तिला हसू दे. या वेळी दोर माझ्या हातात असेल, आणि तुझं गाणं संपेपर्यंत मी तो सोडणार नाही.

तुझी वाट पाहत, कवड्याला धरून उभा असलेला,
तुझा भिया
खेमसिंग