बावीस एकर आणि विमानाचं तिकीट

भिलाई, ता. १२ जून १९६३

तर मोठेबाबा, मी मागच्या पत्रातच बजावलं होतं का इंग्रजीतलं काही आलं तर धर्मपालले विचारल्याबिगर जवाब देऊ नोका, आणि तुमी जवाब देऊन मोकळे झाले. (जयभीम राहूनच गेला. तुमाले आणि मोठीमायले सप्रेम जयभीम. गुडघा कसा आहे? माझं बरं आहे. भट्टीजवळ काम असल्यानं ताप आला तरी समजत नाही.)

आता तुमी म्हणान, देवमन चौथीत दोनदा बसलेला, हा आमाले काय शिकवते. शिकवत नाही. पण धर्मपालनं अकोल्याहून मले चार पानं लिहिली. तुमच्या तोंडावर बोलाची त्याची हिंमत नाही, आणि भिलाईहून माझी चांगलीच आहे.

गोष्ट काय होती ते आता तरी समजून घ्या. शेतकी कॉलेजात तुमचा पोरगा धर्मपाल दोन वर्षांपासून मोजून राहिला का पावसात वावरातली काळी माती किती वाहून जाते. रोमले जगभरच्या अशा माती मोजणाऱ्याईची सभा आहे. गरीब मुलखातल्या नव्या पोराईचं विमानाचं तिकीट तिथली एक संस्था काढून देते, फक्त घरची परिस्थिती बापाच्या सहीनं कळवाची. एवढंच. पण कोणी शेती किती म्हणून विचारलं का तुमाले एकच सुचते, पोराले सोयरीक आली.

तुमी रामराव गुरुजीले ओट्यावर बसवून (त्याईचं इंग्रजी त्याईलेच समजते) जे लिहून घेतलं, त्याची मराठी नक्कल माझ्यासमोर आहे. शेती बावीस एकर. (अडीच, मोठेबाबा, आणि त्यातही अर्धा एकर नाला.) बैल चार. (दोन. तिसरा खुशालरावचा, आपल्याकडे पाणी प्याले येते. चौथा कोणता, हे मले अजून सापडलं नाही.) मुलगा निर्व्यसनी, मोठ्या माणसाले उलटून बोलत नाही. देण्याघेण्याचं समक्ष बसून ठरवू. आणि वरून हे का आमची जमीन इतकी कसदार का चिमूटभर माती वाहत नाही. अवो, त्याच वावरातून दरसाल किती गाड्या माती पूर्णेत जाते, हे सांगालेच तर पोरगा रोमले चालला होता.

संस्थेनं मोठ्या अदबीनं कळवलं का आपल्यासारख्या जमीनदारानं तिकीट स्वतः काढावं. काही चूक झाली असन तर वडलांनी नवीन सही करून तीस तारखेच्या आत लिहावं.

आणि तुमी सही करून नाही राहिले. धर्मपालले म्हटलं म्हणे, "सारी जिंदगी लोकांनी मले लहान ठरवलं. आता मीच माझ्या हातानं तसं काहून लिहू?" हे तुमचं खोटं नाही. पण मोठेबाबा, ते लोक निराळे. हे फक्त एकर विचारून राहिले. अडीच लिहिल्यानं अडीचच राहतात, कमी होत नाहीत.

तुमचा पुतण्या,
देवमन

ता.क. नवीन पत्र इथल्या टाइपवाल्याकडून करून सोबत धाडलं आहे. 'गरीब' हा शब्द त्यात कुठंच येऊ दिला नाही, नुसते आकडे खरे आहेत. फक्त सही करा.

दुसरा ता.क. टपालाले पैसे नव्हते, असं मंग सांगू नोका. मनिऑर्डर केली आहे. तेवढ्यात परदेशी पत्र बरोबर जाते, पानसुपारीले उरत नाही : रुपये एक, नये पैसे पंचाहत्तर.