आबांच्या झडपेचं माप

आबा,

वर 'तीर्थरूप' लिहायला हात धजावला नाही.

सत्यमशी लग्न करून टाकव्याला आपल्या घरी आले, तेव्हा मी पुढं केलेला तांब्या तुम्ही चारचौघांत अंगणात ओतलात. "परजातीत गेली, आता हिच्या हातचं पानी बी नगं." सहा वर्षं झाली.

मागच्या सोमवारी तुमच्या हृदयाचा स्कॅन आमच्या लॅबमध्ये माझ्याच टेबलावर आला. झडप बदलण्याआधी डॉक्टरांना माप पक्कं करायला आम्ही पेशंटचं हृदय थ्रीडी प्रिंटरवर मऊ प्लास्टिकमध्ये छापून देतो. तुमचं नाव वाचून काम दुसऱ्याला देता आलं असतं. दिलं नाही. दया म्हणून नव्हे, माझ्याइतकं नीट तिथं कुणी करत नाही म्हणून.

छापलेल्या हृदयात झडपा बसवून, पाणी सोडून बघावं लागतं. लहान झडप कडेनं गळली. मोठी चपखल बसली; खात्रीसाठी तिच्यातून तीनदा पाणी सोडलं. काल तुम्हाला तीच बसवली.

डॉक्टरांनी तुम्हाला संतापायला बंदी केलीय, म्हणून हे पत्र धाडत नाही. मी मापलेली झडप तुमच्या रागापायी वाया घालवायची नाही.

पण आबा, माझ्या हातचं पाणी तुमच्या काळजातून तीनदा गेलं. एक थेंब बाहेर सांडला नाही.

तुम्ही टाकलेली लेक,
कोमल