दहा की अकरा

५ सप्टेंबर, शुक्रवार
आज ठरवलं. म्हणजे, ठरवायचं ठरवलं.
चौदा ऑक्टोबरनंतर विंडोज दहाला अपडेट मिळणार नाहीत. आमचा माल ज्या मोठ्या कंपनीत जातो, तिची मेल आली आहे: जुन्या सिस्टीमवर काम करणाऱ्यांकडून माल घेणार नाही. आमच्या ऑफिसात कॉम्प्युटर एकच. पेट्यांची लेबलं त्याच्यावरच छापतात. लेबल नसेल तर गाडी त्यांच्या गेटवरून परत.
आमच्या वर्कशॉपचे मालक दत्तोबाशेठ म्हणाले, सायेब, तुमी शिकल्यालं मानूस. काय ते तुमीच ठरवा. पन दिवाळीच्या आत न्हाई झालं, तर हापिस स्वप्नालीकडं अन् तुमी स्टोअरला.
स्वप्नाली म्हणजे ऑफिसातली माझी मदतनीस. शेठ हे हसत म्हणाले. म्हणजे गंभीर नसावेत. अर्थात, ते माणूस काढतानाही हसतात.
संकल्प: रविवारपर्यंत निर्णय.

९ सप्टेंबर
पितृपक्ष लागला. माझा विश्वास नाही. बी.एस्सी. स्टॅटिस्टिक्स आहे. पण शेठचं जुनं गावकरी घर, ते मानत असणार. दुसऱ्याच्या भावना दुखावून अपग्रेड करणं बरं नव्हे. तसं त्यांना सांगितलं.
ते म्हणाले, अवो, मी कालच नवी बोलेरो बुक केली.
तरी मनात कुठेतरी असेलच. थांबतो.

१६ सप्टेंबर
घरी विषय काढला. दहा ओळखीची आहे, अकरा नवी आहे, दोन्हीकडे तथ्य आहे, असं सुप्रियाला समजावलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, मोशीत फ्लॅट घेताना तिसरा मजला की चौथा यातसुद्धा तथ्यच होतं. तोवर दोन्ही गेले. म्हणून आपण पार्किंगच्या डोक्यावर राहतो.
हा मुद्दा इथे लागू नाही. पण तिच्यावर अन्याय तर करत नाही ना मी? विचार करायला हवा.

२२ सप्टेंबर, घटस्थापना
आता कारण उरलं नाही. हे चांगलंच झालं.
स्वप्नालीने विचारलं, सर, आधी सगळ्याची एक कॉपी काढून ठेवू का? हुशार मुलगी आहे, पण घाई फार. कॉपी कशावर ठेवायची, हा स्वतंत्र प्रश्न आहे. म्हटलं, कळवतो.
यूपीएसच्या बॅटरीचंही तिने विचारलं. कुठली घ्यावी, याचा अभ्यास मी मे महिन्यापासून करतो आहे.

२६ सप्टेंबर
निर्णय झाला! अकरा! दिवसही ठरला: खंडेनवमी. त्या दिवशी सगळ्या मशिन धुऊन-पुसून पूजेला मांडतात, उत्पादन बंद, लेबलं नकोत. कॉम्प्युटर मोकळा. असा दिवस वर्षात दुसरा नाही. शेठना सांगितलं. म्हणाले, बेस. जुळलं म्हनायचं एकदाचं. माझ्या पोरीच्या लग्नाला बी इतका येळ लागला न्हवता.
कौतुकच ते.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी. दुपार
सकाळी येऊन अपग्रेड सुरू केलं. बटण दोनदा वाचून दाबलं. स्क्रीनवर आलं: कॉम्प्युटर बंद करू नका. टक्के चढत होते. स्वतःचा अभिमान वाटला. कित्येक वर्षांनी.
पूजेची वेळ झाली. मी हळदी-कुंकवाचं ताट धरून उभा. गेनबामामा, म्हणजे शेठचे मामा, मेन स्विचकडे निघाले.
खंडेनवमीला हत्यारांना विश्रांती असते. पूजेआधी मेन बंद करायचा. दरवर्षी तशी नोटीस लागते. ती मीच लिहितो. गेल्या वर्षी कुणाचा तरी कॉम्प्रेसर चालू राहिला, म्हणून यंदा खाली ओळ वाढवली: कोणालाही अपवाद नाही.
ओरडावं का? पण नियम माझाच. माझ्यासाठी मीच अपवाद मागणं योग्य ठरेल का? मागितलाच, तर गेल्या वर्षीच्या त्या कॉम्प्रेसरवाल्यावर अन्याय...
विचार पूर्ण व्हायच्या आत पंखे थांबले.
यूपीएस एकदाच किंचाळला. जुनी बॅटरी.
गेनबामामांनी काळ्या स्क्रीनला कुंकू लावलं, झेंडू वाहिला. म्हणाले, दमलं व्हतं बिचारं. निजू द्या.

३ ऑक्टोबर
कॉम्प्युटर उठत नाही. माल भरून गाडी उभी. ड्रायव्हर दोनदा विचारून गेला, भाऊ, लेबल कुठंय?
स्वप्नालीने स्वतःचा लॅपटॉप आणला. अकराच आहे त्यात. कॉपी तिने तेव्हाच काढून ठेवली होती, तुमचं कळवणं राहिलं म्हणून, म्हणाली. जेवणाच्या सुट्टीआधी गाडी गेली.
शेठ हसले.

१४ ऑक्टोबर
दहाचा शेवटचा दिवस. आमच्याकडे नवा कॉम्प्युटर आला, स्वप्नालीच्या टेबलावर. टेबल तेच, माझं होतं ते.
मी स्टोअरला. तात्पुरता, असं शेठ म्हणाले नाहीत, पण नाकारलंही नाही. इथे शांतता आहे. नट-बोल्टचे खोके, ग्रीसचा वास. माणसाला विचार करायला जागा उत्तम. कशाचा, ते ठरवायचं आहे.

२२ ऑक्टोबर, पाडवा
स्वप्नाली जुना कॉम्प्युटर स्टोअरला घेऊन आली. तिने तो दुरुस्त केला. परत विंडोज दहाच टाकली. कडेच्या फटीत झेंडूची एक वाळकी पाकळी अजून होती. म्हणाली, सर, नेट काढून टाकलंय. आता हा तुम्हाला काही विचारणार नाही.
मनापासून म्हणाली. टोमणा नव्हता. तेच जास्त लागलं.
ती गेल्यावर बराच वेळ स्क्रीनकडे पाहत बसलो. खरंच, काही विचारलं नाही.
एक गोष्ट मात्र हातात होती. टेबल खिडकीकडे ठेवावं की भिंतीकडे? खिडकीकडे उजेड, पण धूळ. भिंतीकडे उलट. घाई करायची नाही, असं ठरवून चहाला गेलो.
परत आलो तर गेनबामामांनी टेबल भिंतीला लावून टाकलं होतं.