थांब म्हटलं की पळायचं

सोमवार, ३ तारीख
आले बाई एकदाची लेकीच्या घरी, कायमची! ही वही टिल्लीनं दिली, माझ्या पाच वर्षांच्या नातीनं. रोज लिही म्हणाली. मी चौथीपर्यंतच शिकलेली, पण नातीचा हुकूम कोण मोडणार? मला स्वतंत्र खोली आहे, अंगणाकडे खिडकी. गजांना नवा पिवळा रंग दिलाय, बोटाला लागलाय तो अजून निघत नाही. व्याही फौजदार होते. दारातच म्हणाले, विहीणबाई, बॅगेची झडती घ्यावी लागेल. मी म्हटलं, घ्या की, औषधाच्या बाटल्या नि जुनी कवळी निघेल! पोट धरून हसलो दोघं.

बुधवार, ५
लेक-जावई कामावर गेले की आम्ही तिघंच. टिल्लीला खेळ शिकवला. मी थांब म्हणून ओरडायचं, तिनं पळत सुटायचं. थांबली की डाव गेला. अशी खिदळत पळते लबाड! तिची आईही जेवताना मला अशीच पळवायची.
दुपारी व्याह्यांनी पिस्तूल पुसायला काढलं. मेलं बघूनच मला कसंतरी झालं. तेच म्हणाले, हे घरोघरी नकोच, शिकलेल्या हातातच असावं. पण पोलिसांचे हातही कागदांनी बांधून ठेवलेत म्हणे. त्यांचं म्हणणं साधं. थांब असं एकदाच सांगायचं. थांबला तो साधा माणूस, पळाला तो गुन्हेगार. असाच एक जण पळाला, त्यात त्यांची नोकरी गेली. त्याच्या खिशात काय निघालं, मी विचारलं. काही नाही, म्हणाले, आणि पुसत राहिले.
जावई म्हणतो, घाबरू नका, पिस्तूल रिकामं आहे, गोळ्या मी कधीच ठाण्यात जमा केल्यात.

शनिवार, ८
व्याह्यांनी मला दारात अडवलं. नाव काय, कुणाकडे आलात? मला वाटलं, थट्टा. चोरी करायला आले, म्हटलं. हसले नाहीत. लेक म्हणते, हल्ली विसरतात गं, मनावर घेऊ नकोस.

सोमवार, १०
त्यांच्या चष्म्याच्या डबीत गोळी सापडली. जावई पांढराफटक पडला. पिस्तूल मागितलं तर व्याही कपाटाला पाठ लावून बसले. उद्या संध्याकाळी ठाण्यातून माणूस आणतो, म्हणाला.
टिल्लीला सांगितलं, खेळ बंद. थांब म्हटलं की थांबायचं. तर म्हणते, आजी, मला हरवायला बघतेस ना?

मंगळवार, दुपार
व्याह्यांनी बाहेरून कडी घातली. साहेब येईपर्यंत आत बसा म्हणाले. फोनही नेला. पान फाडून खिडकीतून टाकणार आहे — ज्याला सापडेल त्यानं शाळेची गाडी वळणावरच अडवा. मुलीला या घरी सोडू नका —
ते अंगणात उभे आहेत. तोंड फाटकाकडे. हातात ते. जावयानं एकच गोळी नेली होती, डबीतली —
गाडी आली.
हाका मारते, पण काय म्हणून? थांब म्हटलं तर पळेल. पळ म्हटलं तरी —
फाटक वाजलं. त्यांनी हात वर केला. म्हणाले. एकदाच.
टिल्ली हसली, दप्तर टाकलं आणि —