शेवटचं कडवं

अगं ऐकलंस का,

तू गेल्यापासून घर खायला उठतं, म्हणून या वयात विद्यापीठात नाव घातलं, कविता शिकायला. पहिल्या दिवशी वर्गात शिरलो, तर पोरं मला सर समजून उभी राहिली. माझा भिडस्त स्वभाव तुला ठाऊकच. 'मीही विद्यार्थीच' हे तोंडातून फुटेना. शेवटी फळ्यापाशी जाऊन शाळेत पाठ केलेली कविता शिकवू लागलो. तेवढ्यात खरोखरचे सर आले! पुन्हा इथे पाऊल टाकायचं नाही, असं ठरवून मी दाराकडे वळलो.

एक मुलगी ओरडली, "आजोबा, पळता कुठं? शेवटचं कडवं राहिलं की!"

सर हसत बाकावर बसले. "म्हणा, मीही ऐकतो."

मी म्हटलं. आता रोज जातो. काल तीच पोरगी दटावत होती, "आजोबा, उशीर का?"

तुझाच,
पहिल्या वर्षाचा विद्यार्थी