जिंकलेल्यांनी उठायचं नाही

प्रिय अक्का,

आज बनशंकरीच्या हॉलमध्ये तुझ्या फोटोला हार घातला. मोठ्या पडद्यावर तुझं नाव, खाली 'स्मृती चषक', आणि पहिल्या रांगेत मी नि आई, मांडून ठेवल्यासारखे. घरी आल्यापासून डोकं भणभणतंय. आई दिवा मालवून झोपली. म्हणून तुलाच लिहितोय, नाहीतरी सगळं तुझ्यामुळेच झालंय.

गेमची स्पर्धा झकास झाली, खोटं कशाला बोलू? लाइट, धूर, कन्नड-इंग्लिशमध्ये बोंबलणारे दोघं निवेदक, बाहेर पोरांची ही गर्दी. तू चामराजपेटेत आप्पांच्या भांड्यांच्या दुकानावरच्या खोलीत जुने कॉम्प्युटर मांडलेस, तेव्हा 'लग्नाच्या वयात पोरगी बंदुकांचे गेम खेळवते' म्हणून नाकं मुरडणारे आपले सगळे नातेवाईक आज झाडून हजर होते, तुझ्या फोटोशेजारी फोटो काढायला. तेव्हा कुठे होते गं हे?

फायनलमध्ये के. आर. पुरमची पोरं हरली. हेडफोन काढले, बॅगा उचलल्या नि मागच्या दारानं निघाली. जिंकलेले स्टेजवर नाचत होते. आई मला म्हणाली, "अरे, हे उठले कसे? जिंकलेले बसले नाहीत यांच्याजवळ?"

आईला खेळातलं ओ की ठो कळत नाही, पण तुझा नियम तिला पाठ आहे. मॅच संपली की जिंकलेल्यांनी हरलेल्यांशेजारी खुर्ची ओढायची, तीच मॅच पुन्हा लावायची आणि आपण कुठं, कसं हरवलं ते सगळं दाखवायचं. काही लपवायचं नाही. त्याआधी आईचं उप्पीट कुणालाच नाही. एखादा सटकायला लागला की तू ओरडायचीस, "ए मगा, कूतको! बस खाली. समोरचा शिकला नाही तर पुढच्या रविवारी खेळणार कुणाशी, भिंतीशी?" आधी गल्लीतली चार टाळकी, मग मार्केटकडची, मग पार के. आर. पुरमहून दोन बस बदलून येणारी. अशीच भरत गेली ना ती खोली?

आणि तुझा लाडका चेला किरण. पहिल्या दिवशी असा हरला होता की डोळ्यांत पाणी आलं त्याच्या. तू जेवण सोडून त्याच्याजवळ बसलीस. आज तो ही स्पर्धा भरवणाऱ्या कंपनीत मॅनेजर आहे. मी त्याला गाठून विचारलं, "पोरांना बसवलं का नाहीस रे?" तर म्हणाला, "अण्णा, आता टीमचे डावपेच कंपनीचे असतात. ते असे कुणाला दाखवत नाहीत. अक्काचं ते घरगुती होतं."

घरगुती म्हणे. हा शिकला तो त्याच घरगुतीत.

मग त्यानं खरं काम काढलं. तुझा पोरांचा ऑनलाइन ग्रुप तू गेल्यापासून मी सांभाळतो, तो कंपनीला द्यायचा आणि रविवारची खोली बंद करायची. पोरांना पगार मिळेल, परदेशात खेळायला जातील. "अण्णा, स्वल्प विचार करा. अक्काला हेच हवं होतं."

हेच हवं होतं तुला? मला तर कधी सांगितलं नाहीस. दवाखान्यात शेवटपर्यंत "किरणला विचार, किरण बघून घेईल." मी सख्खा भाऊ उशाशी बसलेलो, पण माझं नाव नाही आलं तुझ्या तोंडात. राग आला होता मला. अजून आहे. एका मॅचमध्ये समोरच्याचा स्वभाव ओळखणारी तू, याच्याच बाबतीत कशी गंडलीस?

वाईट याचं वाटतं की तो थापा मारत नाहीये. निवडलेल्या पोरांना पगार खरंच मिळणार. आणि मागच्या दारानं गेलेल्यांना? त्यांना चूक दाखवायलाही कुणी नाही. महिनाभर घरच्यांची बोलणी खातील आणि खेळ सोडून देतील.

म्हणून मी सांगितलं, ग्रुप मिळणार नाही, खोली बंद होणार नाही आणि कपावरचं माझ्या बहिणीचं नाव काढ. वाटलं, भांडेल, निदान गयावया तरी करेल. तो नुसतं "सरी अण्णा, ठीक आहे" म्हणाला आणि शेजारच्या माणसाकडे वळून, "पुढच्या वर्षी स्पॉन्सरचंच नाव लावू, सोपं पडेल."

एवढीच किंमत होती गं तुझ्या नावाची तिथं.

आल्या आल्या ग्रुपवर टाकलं, रविवारी खोली उघडी आहे. सगळ्यांनी वाचलंय, उत्तर कुणाचंच नाही. तरी मी उघडणार. मला तो खेळ धड येत नाही, तू पोट धरून हसायचीस. चालेल. एकच जण आला तर त्याच्याशी खेळेन, हरेन, आणि मला कसं हरवलं ते सांगितल्याशिवाय त्याला उठू देणार नाही. हा माझा शब्द. या वेळी किरणला विचारणार नाही.

तू न विचारलेला,
तुझा धाकटा
श्रीपाद