सुपुर्दगीतल्या खोडाला पालवी फुटल्याबाबत

प्रति,
मा. जिल्हाधिकारीसाहेब,
जिल्हा कचेरी, बुलढाणा.

अर्जदार : वामनराव पुंजाजी मापारी, धंदा शेती, राहणार मौजे जांभुळखेड, सुलतानपूरजवळ.

विषय : सरकारच्या सांगण्यावरून सांभाळलेले कडुलिंबाचे झाड, ते जगले या कारणावरून तोडण्याचा हुकूम रद्द होणेबाबत.

संदर्भ : तालुका कचेरीची नोटीस, दिनांक १२ मार्च १९६६.

महोदय,

१. मौजे जांभुळखेडच्या पूर्वेला गुरांचे आखर आहे. सकाळी गावची गुरे तिथे जमतात आणि गुराखी ती रानात नेतो. जागा ई-क्लास, म्हणजे सरकारची. तिथे कडुलिंबाचे एकच मोठे झाड होते. १९६१ च्या उन्हाळ्यात, सारे गाव सुलतानपूरच्या बाजाराला गेलेले पाहून, गावचेच इंद्रभान किसनराव यांनी ते जमिनीपासून दोन हातांवर तोडले. त्यांना नव्या घराला तुळया हव्या होत्या. अर्जदार बाजारातून लवकर परतला आणि त्याने त्यांना भरल्या गाडीसह धरले. तेव्हा इंद्रभान म्हणाले, "वामनराव, तुमच्या बापाचं हाये का झाड?" बापाचे नव्हतेच. म्हणूनच अर्जदाराने तक्रार केली.

२. पंचनामा झाला. लाकूड कचेरीने गाडीत घालून नेले. खोड जमिनीत होते, ते गाडीत मावेना आणि उपटेना. म्हणून तोडीचा पुरावा म्हणून ते अर्जदाराच्या सुपुर्द केले. खटल्याचा निकाल लागेपर्यंत अर्जदाराने ते सांभाळायचे. सुपुर्दनाम्यात लिहून घेतले की, 'सदर खोड जसेच्या तसे राखीन, खराब होऊ देणार नाही व मागाल तेव्हा दाखवीन.' अर्जदाराने सही केली. पंचांदेखत पटवारी म्हणाले होते, "इतल्या गावात भरवशाचा मानूस एकच." ते ऐकून अर्जदाराची छाती फुगली होती, हे कशाला लपवावे.

३. अर्जदाराने खोड कसे राखले, ते सांगतो. सरपणाला कोणी ढलप्या काढू नयेत म्हणून भोवती बोराटीचे कुंपण घातले. वाळवी लागू नये म्हणून बुडाशी राख टाकली. उन्हाने तडकू नये म्हणून अर्जदाराचे कुटुंब गोजरबाई रोज भांडी घासल्याचे पाणी त्यावर ओतीत असे. यात झाडावरच्या प्रेमाचा काही संबंध नव्हता. सरकारी माल होता आणि सही अर्जदाराची होती, एवढेच. पुढच्या पावसाळ्यात खोडाच्या कडेने कोंब आले. अर्जदार घाबरून पटवाऱ्यांकडे गेला. ते म्हणाले, "खोड सडलं काय? नाही न? मंग घरी जा बे आरामात." अर्जदार घरी गेला. कोंबांतला एक जोमदार निघाला, त्याने जुने खोड पोटात घेतले आणि आज त्याचे झाड झाले आहे. दुपारी वासरे त्याखाली बसतात.

४. आता कचेरीने स्वतःकडे नेलेल्या लाकडाचे काय झाले, तेही सांगणे भाग आहे. ते कचेरीच्या आवारात रचले होते. अर्जदार तारखेला जाई तेव्हा रास दरवेळी बुटकी झालेली दिसे. तिसऱ्या हिवाळ्यात तिथे एक कुत्री व्याली होती, लाकूड नव्हते. शिपायाला विचारले तर तो म्हणाला, "थंडी काय कमी पडली का हो, पाटील? साहेबलोकाईच्या आंघोळी होत्या न!" म्हणजे बंबात गेले. तळे राखी तो पाणी चाखी म्हणतात. इथे तळे राखणाऱ्यांनी ते पिऊन तळ चाटून ठेवला. त्याबद्दल कोणाला नोटीस गेल्याचे ऐकिवात नाही. कचेरीने राखले ते जळाले, अर्जदाराने राखले ते वाढले, आणि जाब अर्जदाराला विचारला जात आहे. साहेब, हे लिहिताना अर्जदाराला किळस येते.

५. खटला पाच वर्षे रेंगाळला आणि यंदा माघात उभा राहिला. इंद्रभानने (यापुढे त्याला आदराने लिहिणे अर्जदाराच्या हातून होणार नाही, क्षमा असावी) खटला चालवणाऱ्या साहेबांपुढे हात जोडून सांगितले, "मायबाप, मी झाड तोडलं म्हन्तात. झाड तं उभं हाये तिथं. पाहून घ्या." लाकूड नाही, खोड नाही, झाड मात्र आहे! एवढ्यावर तो थांबला नाही. मोक्यावर चौकशी होणार हे कळताच त्याने झाडाच्या बुडाशी चुन्याचा पट्टा मारला, एका दगडाला शेंदूर फासला आणि फांदीला पाटी टांगली : 'झाडे लावा, झाडे जगवा. इंद्रभान किसनराव.' गावात सांगत फिरतो, "लेकरावानी वाढवलं म्या त्याले." ज्या हाताने कुऱ्हाड चालवली त्याच हाताने शेंदूर फासला. गावातले चारजण त्या दगडाला नमस्कारही करू लागले आहेत.

६. चौकशीसाठी तालुका कचेरीचे अधिकारी आले. त्यांनी जीप त्याच झाडाच्या सावलीत लावली, कारण दुसरी सावली आखरावर नाही. तिथेच बसून ते पाणी प्यायले आणि त्यांनी लिहिले की, 'सुपुर्द केलेले खोड मूळ स्थितीत आढळत नाही.' त्यानंतर संदर्भातली नोटीस आली. तिचा मतलब असा : गुढीपाडव्याच्या आत अर्जदाराने वरची वाढ स्वखर्चाने तोडून खोड पूर्ववत दोन हात उंचीचे करावे, म्हणजे झाड तोडले गेले होते हे शाबीत करता येईल, तसे न केल्यास पुरावा बिघडवल्याबद्दल अर्जदारावरच खटला भरला जाईल. अर्जदाराने ती तीनदा वाचली आणि गावच्या मास्तरांकडूनही वाचून घेतली. अर्थ तोच निघाला. झाड तोडल्याचा गुन्हा शाबीत करण्यासाठी झाड तोडायचे.

७. अर्जदार कचेरीत गेला आणि म्हणाला की, मग निदान तोडीचा परवाना तरी द्या, नाहीतर विनापरवाना तोड केली म्हणून पुन्हा धराल. कारकुनाने दप्तर पाहून सांगितले की, आखरावर झाडच नाही, ते १९६१ मध्ये तोडले गेले अशी नोंद आहे. नसलेल्या झाडाचा परवाना देता येत नाही. अर्जदार बाहेर येऊन पायरीवर बसला आणि तिथेच थुंकला. त्याबद्दल दंड असल्यास तो भरायला तयार आहे.

८. आता खरी अडचण सांगतो. अर्जदाराला इंद्रभानला शिक्षा झालेली हवी आहे. पाच वर्षे पदरचे भाडे खर्चून अर्जदार तारखांना गेला तो त्याचसाठी. झाड तोडले तर इंद्रभान अडकेल. झाड ठेवले तर इंद्रभान सुटेल, वर पाटी मिरवील, आणि उद्या वृक्षारोपणाच्या सभेत त्याच्या गळ्यात हार पडेल. खोटे बोलत नाही साहेब, परवा अर्जदाराने कुऱ्हाडीला धार लावली आणि तो आखरावर गेलाही.

९. तिथे गोजरबाई रोजच्यासारखी पाणी ओतायला आली होती. तिने कुऱ्हाड पाहिली. म्हणाली, "इंद्रभानले शिक्षा द्याची तं द्या न, झाडाले काऊन देता? त्यानं काय केलं?" अर्जदाराने तिला पुराव्याचे कलम समजावून सांगितले. तिने सारे ऐकून घेतले. मग म्हणाली, "पयले त्यानं तोडलं तवा तुमी त्याले धरलं. आता तुमी तोडसान, तं तुमाले कोन धरन?" आणि भांडे पालथे करून ती घरी गेली. अर्जदार कुऱ्हाड घेऊन तसाच घरी परतला.

१०. सबब अर्ज सादर करून कळवतो की, अर्जदार सदर झाड तोडणार नाही आणि दुसऱ्या कोणाला तोडू देणार नाही. 'जसेच्या तसे' राखायचे असेल तर मेलेली वस्तू सुपुर्द करायला हवी होती. जिते मूळ थांब म्हटल्याने थांबत नाही. सुपुर्दनामा मोडल्याचा खटला अर्जदारावर खुशाल भरावा, तो पहिल्याच तारखेला गुन्हा कबूल करील. इंद्रभान सुटत असेल तर सुटू द्यावा. त्याची पाटी अर्जदार काढणार नाही. ती वाचून थुंकायची तेवढी मुभा असावी. मात्र कचेरीने दप्तरात एक ओळ लिहावी की, जांभुळखेडच्या आखरावर कडुलिंबाचे एक झाड आहे. एवढी एकच विनंती.

या एका कामात नाही, बाकी सर्व कामांत
आपला नम्र,

वामनराव पुंजाजी मापारी
(सही)

मौजे जांभुळखेड
दिनांक १६ मार्च १९६६

सोबत :
१) सुपुर्दनाम्याची नक्कल.
२) नोटिशीची नक्कल.
३) सदर झाडाचा डहाळा, एक. तोडला तेव्हा हिरवा होता.